अठरा जूनला जाऊन येते

आमच्या घरी अठरा जून वर्षातून चार-पाच वेळा यायचा. एकदा शाळा सुरू होताना, एकदा चतुर्थीच्या आधी, एकदा दिवाळीला, आणि घरात कुणाचे लग्न निघाले तर सलग दोन-तीन दिवस. "उद्या अठरा जूनला जाऊन येऊ," असे आई भर ऑगस्टात म्हणायची आणि कुणाला त्यात काही खटकायचे नाही. डिचोलीच्या मराठी शाळेत चौथीत असताना बाईंनी गोवा क्रांतिदिनाची गोष्ट सांगायला घेतली. "अठरा जूनला काय झालं, कुणाला माहीत आहे?" मी घाईघाईने हात वर केला. "बाई, माझ्या मामाच्या लग्नाचं कापड घेतलं."

वर्ग हसला, ते ठीक. बाईही हसल्या, ते मला लागले. रडवेली होऊन घरी आले तेव्हा आजोबांनी विचारले आणि मग तेही हसले. पण नंतर थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, "तुझे काही चुकले नाही. आता लोक तिथे कापडच घेतात."

अठरा जून हा पणजीतला खरेदीचा रस्ता. मळा-फोंतैन्हासकडून नव्हे, तर चर्चच्या पायऱ्यांखालचा चौक आणि म्युनिसिपल गार्डन यांच्याजवळून निघतो आणि सरळ सांत इनेजच्या दिशेने जातो. ओळखीचे कुणी भेटले नाही तर पायी पंधरा मिनिटांत संपावा. पण गोव्यात असे होत नाही. दोन दुकाने ओलांडली की कुणाची तरी जाऊ भेटते, मग तिच्या सासूचे गुडघे, मग त्या गुडघ्यांचा डॉक्टर, जो बहुधा याच रस्त्यावर कुठल्यातरी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बसतो.

तारीख मात्र पणजीची नाही, मडगावची आहे. मडगावची माणसे हे अजून बोलून दाखवतात. सभा आमच्याकडे, पाऊस आमच्याकडे, अटक आमच्याकडे, आणि खरेदीचा रस्ता पणजीला! १९४६ च्या जूनमध्ये डॉ. राममनोहर लोहिया गोव्यात आले ते खरे तर विश्रांतीसाठी. तुरुंगवासाने प्रकृती खालावली होती. असोळण्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस हे त्यांचे बर्लिनमधल्या शिक्षणाच्या दिवसांतले मित्र, त्यांच्या घरी ते उतरले. पण लोहिया आल्याची बातमी पसरली, लोक भेटायला येऊ लागले. सभा घ्यायची तर पोर्तुगीज सरकारची परवानगी हवी, लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरचा शिक्का हवा, असे सगळे त्यांच्या कानांवर पडू लागले. १८ जूनला दोघे मडगावला आले. बंदी होती तरी लोक भर पावसात जमले. कॅप्टन मिरांडा नावाच्या अधिकाऱ्याने पिस्तूल काढले आणि लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला, ही गोष्ट गोव्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. दोघांना अटक झाली. पण पुढच्या काही महिन्यांत गोव्यात एकापाठोपाठ एक माणसे सभा घेऊन पकडून घ्यायला लागली. ते मैदान आता लोहिया मैदान. आणि मुक्तीनंतर राजधानीतल्या एका रस्त्याला ती तारीख मिळाली.

आमच्या आजोबांच्या पिढीतल्या माणसांना विचाराल तर त्यातला प्रत्येक जण त्या दिवशी मडगावात हजर होता. ते मैदान केवढे आणि ही माणसे किती, याचा हिशेब कुणी करत नाही. आजोबा मात्र सरळ सांगायचे की ते त्या दिवशी डिचोलीत होते, दुकानात बसून गुळाच्या ढेपा मोजत होते, आणि मडगावची गोष्ट त्यांना तीन दिवसांनी कळली. "कळल्यावर काय केलंत?" मी विचारायचे. "काय करणार? ढेपा परत मोजल्या. आकडा चुकला होता." या एका उत्तरासाठी मला आजोबा फार आवडायचे.

पणजीतल्या रस्त्यांची नावे वाचत फिरणे हा माझा जुना चाळा. फोंतैन्हासमध्ये ३१ जानेवारी रस्ता आहे. ते नाव पोर्तुगिजांच्या वेळचे, तारीखही पोर्तुगालच्या इतिहासातली, आणि मुक्तीनंतर एवढी नावे बदलली तरी हे तसेच राहिले. म्हणजे एवढ्याशा शहरात तारखांचे दोन रस्ते, एक त्यांचा आणि एक आपला. अठरा जूनच्या आसपास हिंडलात तर ओर्मुझ रस्ता लागतो. कुठले इराणच्या आखातातले होर्मुझ, कुठली पणजी! त्या रस्त्याच्या नावाचा उगम तिथे फोन दुरुस्त करून देणाऱ्या पोराला विचारून बघावा, असे मला नेहमी वाटते. अजून धीर झालेला नाही.

रस्ता सरळ का, याचे उत्तर मात्र पावसाळ्यात मिळते. पणजी मुळात उंचसखल, दलदलीची जागा. खाड्या, भातखाचरे, वाळूच्या टेकड्या, माडांची बने. १८२७ ते १८३५ या काळात दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु हा गव्हर्नर इथे होता. त्याने टेकड्या सपाट केल्या, दलदल भरून काढली आणि तिच्यावर फुटपट्टी ठेवून आखावेत तसे रस्ते आखले. पुढे १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, 'नोवा गोवा' म्हणून. एका बाजूला उरेंची खाडी, दुसऱ्या बाजूला सांत इनेजची, समोर मांडवी. मधला सगळा भाग भर घालून केलेला. त्यामुळे जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट राहत नाही आणि पहिल्यांदा भरतो तो अठरा जून रस्ता. आमच्या लहानपणी याला कुणी बातमी म्हणत नसे. आता मोबाइलवर व्हिडिओ येतो, खाली लोक भांडतात, आणि दुसऱ्या दिवशी पाणी ओसरते.

माझ्या आठवणीतला पहिला अठरा जून जूनमधलाच आहे. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला. पुढची काही वर्षे पणजीला जायचे म्हणजे डिचोलीहून बसने म्हापसा, तिथून पर्वरी उतरून बेती, आणि बेतीहून फेरीबोट. पूल पडल्यानंतरच्या जूनमध्ये आई, मावशी आणि मी छत्री घ्यायला निघालो. छत्री डिचोलीत मिळत नव्हती असे नाही. पण आईचे म्हणणे असे की जी वस्तू अंगावर घालायची किंवा डोक्यावर धरायची ती अठरा जूनचीच हवी. खायची वस्तू म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली. भांडी डिचोलीची. तिच्या डोक्यात गोव्याचा असा एक नकाशा होता आणि त्यात बदल नसे.

ते दुकान अरुंद आणि लांबच लांब होते. लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत खण, आणि वरच्या खणातले सामान काढायला लोखंडी आकडा लावलेला बांबू. दुकानदार म्हातारा, सदऱ्याच्या खिशात दोन पेने. त्याने काळी छत्री काढली, लगेच उघडली नाही. आधी बंद छत्री हातावर तोलली, मग दांडा नखाने वाजवला, मग खटका दोनदा दाबून ऐकला. मग उघडून दारापाशी गेला आणि ती रस्त्यावरच्या उजेडाकडे धरली. कापडाला कुठे भोक असेल तर तिथून उजेडाचा टिपका दिसतो. मला त्याने आत, छत्रीखाली उभे केले आणि म्हणाला, "बाय, तूं पळय. तुजे दोळे नवे." मी पाहिले. टिपका नव्हता. काड्या मोजल्या, आठ.

मावशीने मग तिचे काम सुरू केले. मावशी म्हापशाच्या बाजारात वाढलेली. मोयऱ्याच्या केळ्यांपासून खाऱ्या मासळीपर्यंत कुठल्याही वस्तूचा दर तिने पहिल्या फटक्यात निम्म्यावर आणलेला मी पाहिला होता. "मात्शें उणें करात मरे," ती म्हणाली. म्हाताऱ्याने मान वर न करता भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. पाटीवर 'एकच दर' असे लिहिले होते. "वयनी, हांगां एकूच दर." मावशीचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिला देवळात चप्पल काढू नको म्हणून सांगितले. घासाघीस नाही म्हणजे तिच्या लेखी खरेदीच नव्हती, नुसते पैसे देणे होते.

मला वाटते, अठरा जून आणि आमच्या बाकीच्या बाजारांत मूळ फरक हाच होता, दिव्यांचा आणि काचांचा नव्हे. म्हापशात तुम्ही विकणारीशी बोलता, तिच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करता, दर पाडता, ती चिडल्याचे सोंग करते, तुम्ही जायला निघता, ती हाक मारते. अठरा जूनवर वस्तूशी बोलावे लागे. छत्री बघा, खटका ऐका, कापड चिमटीत धरून चुरगळा आणि सुरकुती जाते का बघा. विकणारा मध्ये येत नसे. आईला हे फार आवडायचे, मावशीला शेवटपर्यंत कळले नाही.

छत्री घेऊन आम्ही धक्क्याकडे गेलो. तिथे मांडवीवरून वारा आला आणि नवी छत्री पहिल्याच झोताला उलटी झाली. दोन काड्या वाकल्या, एक निसटली. मावशी काही बोलली नाही, आणि तिचे ते न बोलणे आईला सहन झाले नाही. तशीच भिजत आई परत फिरली, आम्ही मागे. एक वाजायला दहा मिनिटे होती. दुकानाचे अर्धे शटर खाली आलेले. म्हाताऱ्याने वाकून आम्हाला पाहिले, घड्याळ पाहिले, आणि शटर पुन्हा वर केले. पक्कड घेऊन, बारीक तार घेऊन तो काउंटरवर बसला. काडी सरळ केली, जोडावर तार तीनदा फिरवली, टोक आत दुमडले, मग त्यावरून बोट फिरवून बघितले, कापड फाटू नये म्हणून. आईने पर्स उघडली. तो मावशीकडे बघत म्हणाला, "दर एकूच. काडी फुकट."

परतीच्या बोटीवर मावशी कबूल झाली की माणूस बरा आहे. "पण दोन रुपये कमी केले असते तर काडी वाकलीच नसती," हे तिने जोडलेच.

शिकून मी त्याच रस्त्यावर नोकरीला लागले, हा योगायोग नव्हे. पणजीत हिशेबनिसाचे काम करणाऱ्याला दुसरीकडे जायला फारशी जागाच नव्हती. १९९९ ते २००४ अशी पाच वर्षे एका सीएच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीशी बसून मी या रस्त्याची वह्या-खाती लिहिली. खालून जो रस्ता नुसता दुकानांचा दिसतो तो वरून वेगळाच दिसतो. तळमजल्यावर कापड, चपला, घड्याळे, औषधे. पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर, कानांचे डॉक्टर, वकील. दुसऱ्यावर आमच्यासारखे. आणि त्यावर, वाळत घातलेल्या चादरींआड, अजून राहणारी माणसे. जुन्या कौलारू घरांच्या जागी साठ-सत्तरच्या दशकांपासून या इमारती उभ्या राहत गेल्या. एखादे जुने घर मधेच अडकून राहिले होते, लाकडी सज्जा आणि शिंपल्यांच्या खिडक्यांसकट. बाहेर गाद्यांच्या दुकानाची पाटी.

त्या खिडकीतून मी सगळ्यात जास्त पाहिला तो दुपारचा रस्ता. एक वाजला की शटर पडायला सुरुवात व्हायची. आधी कापडवाले, मग घड्याळवाला, मग चपलांचा. फार्मसी सगळ्यात शेवटी. दीडला रस्ता रिकामा. मग कालवणाचा वास वर यायचा, कुठे खोबरे-मिरची, कुठे तळलेला बांगडा, त्यावरून आम्ही कोण कुठल्या मजल्यावर जेवतोय ते ओळखायचो. फुटपाथवर मांजरे आडवी पसरायची. साडेतीनपर्यंत हे असे चाले. बाहेरची माणसे याला 'सुशेगाद', म्हणजे निवांत, म्हणतात आणि त्यावर टी-शर्टही विकतात. मला तो शब्द आता ऐकवत नाही. सकाळी नऊला शटर वर करून रात्री आठपर्यंत उभे राहणाऱ्या माणसाला मधे अडीच तास घरी जाऊन जेवता येत होते, आईचे औषध बघता येत होते, पाठ टेकता येत होती. यात आळस कुठे आला? आमच्या ऑफिसातला शिपाई त्या वेळात बायकोला नळाचे पाणी भरून देऊन यायचा.

आता एक ढोबळ खूण सांगते. दुपारी दोनला अठरा जूनवरून चाला. जी शटरे खाली असतील त्यांच्या मालकाचे घर गोव्यात आहे. जी वर असतील त्यांच्या मालकाचे बहुधा बाहेरच्या एखाद्या शहरात. अपवाद असतील, पण मी हिशेब लिहायचे, आकडे माझ्या बाजूने होते.

भूक लागली की चौकाच्या दिशेने जायचे. बगिच्याजवळ कामतांचे हॉटेल, थोडे आत काफे टाटो, काफे भोसले. पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स भाजी, त्याबरोबर पाव, गरम असेल तर उंडो हा गोल पाव, आणि मिरची भजी संपायच्या आत पोचले तर नशीब. जेवायला बाहेर जायचेच असेल आणि पगार झाला असेल तर मासळीची थाळी. कुणी निवृत्त होत असेल तर फिदाल्गो हॉटेल. चौकातच सिंगबाळ यांचे पुस्तकांचे दुकान. दिवाळी अंक आले की बाहेर बांबूच्या मांडणीवर रचलेले असत. आजोबांचा 'गोमन्तक', बाबांचा 'नवप्रभा', आणि माझा दर महिन्याला कुठला तरी एक मासिकाचा अंक, जो मी ऑफिसात लपवून वाचायचे.

इथे एक कबुली द्यायला हवी. हे सगळे मी मराठीत लिहिते आहे. शाळा मराठी, वर्तमानपत्र मराठी, देवळातली आरती मराठी, आजोबांच्या दुकानातली वही मराठी. तरी अठरा जूनवर मराठीत एकही सौदा केलेला मला आठवत नाही. तिथे कोंकणी. पाटी इंग्रजीत, बिल इंग्रजीत, बोलणे कोंकणीत, आणि दुकानदाराने काउंटरखाली उघडून ठेवलेला पेपर मराठीत. आमच्याकडे ही वाटणी इतकी सहज होती की तिच्यावरून भांडणे झाली हेच लहानपणी खरे वाटत नसे. आणि झाली तर होतीच. १६ जानेवारी १९६७ ला गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावर मतदान झाले तेव्हा विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पाने. आजोबा फुलाचे. ज्या व्यापाऱ्याकडून ते पणजीत साखर घ्यायचे तो दोन पानांचा. पाने जिंकली. त्यानंतर आजोबा महिनाभर त्याच्याकडे गेले नाहीत आणि मग गेले, कारण दुसरा कुणी एवढी उधारी देत नव्हता. १९८७ मध्ये राजभाषेचा कायदा आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. घरात मोठी माणसे आवाज चढवून बोलत होती, कोंकणीतच.

आजोबांच्या बोलण्यातली पणजी माझ्या पणजीहून वेगळी होती. त्यांच्या वेळी बाजार म्हणजे बगिच्याभोवतीचा आणि मार्केटकडचा भाग. १९५५ च्या सुमारास भारताने नाकेबंदी केली, पलीकडून येणारे सामान थांबले. त्याबरोबर बोटींनी परदेशी माल यायला लागला. बटाटे हॉलंडचे, चीजचे लाल गोळे, पोर्तुगीज वाइन, जर्मन घड्याळे. तांदूळ महाग आणि घड्याळ स्वस्त, असे काहीसे उलटे दिवस. १९५९ मध्ये रुपयाच्या जागी एश्कुदु आले, एका रुपयाला सहा. आजोबा सहाने भागत आणि गुणत राहिले. दोन वर्षांत तेही गेले. १९ डिसेंबर १९६१ नंतर बेळगाव-मुंबईहून लोक गोवा बघायला येऊ लागले, आणि बघून झाले की परदेशी वस्तू शोधत दुकाने पालथी घालू लागले. नायलॉन, अत्तर, पेन, रेझर. गोव्यात काय मिळते, तर बाहेरचे मिळते, हा लौकिक तिथून सुरू झाला असावा. आमच्या घरी त्या काळातले एक टेबलावरचे घड्याळ होते. चालू कधीच नव्हते. पण परदेशी असल्यामुळे त्याला रोज फडका मारला जाई.

आता उलटे झाले. गोव्यात काय मिळते, तर गोवा मिळतो. अठरा जूनवर तो प्लास्टिकच्या पाकिटांत, दोनशे ग्रॅम, अर्धा किलो, एक किलो. काजू.

काजूची दुकाने या रस्त्यावर पूर्वीही होती. झांट्ये हे नाव तर आमच्या डिचोलीच्या बाजूचे, त्यामुळे काजू म्हणजे घरचे, असे वाटायचे. पण गेल्या वीस वर्षांत एकामागून एक दुकान काजूचे होत गेले. सगळ्यांत काजूच, शेजारी बेबिंक, दोदोल, पेराद ही गोव्याची मिठाई, आणि फेणीच्या लहान बाटल्या. मूळ झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले, म्हणजे हेही बाहेरचेच, पण चारेकशे वर्षे झाली, आता त्याला कोण विचारतो.

मी हिशेबात मुरलेली असल्याने मला काजूचे आकडे आवडतात. पाकिटावर डब्ल्यू ३२० असे छापलेले असते. गिऱ्हाईक विचारते, ३२० म्हणजे भाव का? नव्हे. एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण किती अख्खे गर बसतात तो आकडा. १८० म्हणजे मोठे, थोडेच मावतात, म्हणून महाग. २१०, २४०, मग ३२०. आकडा वाढेल तसा दाणा लहान. मग फाकी, मग तुकडा. आई घरी नेहमी तुकडा आणायची. "आमटीत घातल्यावर कोण मोजतंय?" असे तिचे म्हणणे. अख्खा काजू फक्त लग्नाच्या ताटात.

छत्रीचे ते दुकान आता काजूचे आहे. म्हातारा गेला, मुलगा परदेशी, जागा भाड्याने. मी दोन वर्षांपूर्वी मुद्दाम आत गेले. काउंटर काचेचा, छत खाली आणलेले, त्यात दिवे. खण नाहीत, बांबू नाही. काउंटरमागचा पोरगा हिंदीत म्हणाला, "मॅडम, टेस्ट कीजिए." लसणीचा काजू, मिरीचा काजू, चॉकलेटचा काजू. मी साधा खारा मागितला तर त्याला जरा वाईट वाटल्यासारखे दिसले. दर विचारला. त्याने सांगितला आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "आपके लिए कम कर दूँगा." मला मावशी आठवली. तिला हे दुकान फार आवडले असते.

पिशवीत काजू घेऊन मी बाहेर आले आणि फुटपाथवर थांबले. समोर रस्ता खणलेला होता. स्मार्ट सिटीची कामे त्या दिवसांत पणजीभर चालू होती. मलनिस्सारणाचे पाइप, चेंबर, केबल, आणि हिरव्या जाळ्या. दुकानात जायला फळी टाकलेली, फळीवरून गिऱ्हाईक तोल सांभाळत चाललेले. एका ठिकाणी खड्ड्यात पाच-सहा फूट खाली काळीशार ओली माती दिसत होती, तिच्यात शिंपल्यांचे तुकडे. वर मोबाइलचे शोरूम. मी बराच वेळ तिथे वाकून बघत राहिले, तेव्हा एक कामगार खालून म्हणाला, "क्या गिरा, मैडम?"

गेल्या वर्षी दातांसाठी नेमकी अठरा जूनची वेळ मिळाली. अठरा जूनला अठरा जूनला या, असे डॉक्टरांच्या रिसेप्शनवरची मुलगी फोनवर म्हणाली आणि स्वतःच अडखळली. सकाळी आझाद मैदानावर पुष्पचक्रे वाहून झाली होती. पोलीस बँडची गाडी परत चालली होती, आत वाद्यांवर प्लास्टिक टाकलेले. रस्त्यावर शुकशुकाट. जूनमध्ये इथे कोण येतो? पर्यटक कमी, लग्नांचा हंगाम संपलेला, शाळेची खरेदी उरकलेली. वर्षातला सगळ्यात मंद धंदा याच दिवसांतला, हे मी पाच वर्षे वह्यांत लिहिले आहे. ज्या तारखेचे नाव या रस्त्याने घेतले त्या तारखेला इथे काही खपत नाही.

एक जोडपे छत्रीत दाटीवाटीने उभे राहून मोबाइलवर नकाशा बघत होते. पुण्याकडचे असावे. बाईंनी मला विचारले, "अठरा जून रोड कुठे आहे हो?" मी म्हटले, "याच रस्त्यावर उभ्या आहात. आणि आजच आहे." त्यांना दुसरे वाक्य कळले नाही. मीही समजावत बसले नाही, पाऊस वाढत होता.

डॉक्टरांकडून खाली उतरेपर्यंत जबडा बधिर आणि रस्ता घोट्याएवढ्या पाण्यात. भरतीची वेळ होती. पाणी गटारांतून वर येत होते, खाली जात नव्हते. दुकानांचे कामगार उंबऱ्यावर वाळूच्या पिशव्या लावत होते, आणि त्या कामाला त्यांना एकमेकांना काही सांगावे लागत नव्हते. छत्रीच्या, म्हणजे काजूच्या दुकानात तोच पोरगा खालच्या फळीवरची खोकी एकेक करून काउंटरवर चढवत होता. मी दारात आडोशाला थांबले. माझी छत्री घडीची, ऑनलाइन मागवलेली, वाऱ्याने एव्हाना तिची एक काडी वाकवली होती. त्याने ती पाहिली, हातातले खोके ठेवले, छत्री माझ्या हातातून घेतली आणि दाराच्या उजेडाकडे धरून उघडली.

"आंत यो, मौशी," तो म्हणाला. कोंकणी शिकला होता. "उदक येयत आतां."

मी आत गेले आणि खालची दोन खोकी उचलून त्याच्याकडे दिली. डब्ल्यू ३२०.